सोबतचं माणूस

गुरुवारी दुपारी आम्हा बायकांना सुट्टी असते. आपापल्या म्हाताऱ्यांना जेवू घालून, औषधं देऊन, आडवं करून आम्ही जॉर्जियाच्या बायका स्टेशनमागच्या बागेत जमतो. सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतो आणि ज्यांच्या घरी राबतो त्यांच्या सुनांना यथेच्छ नावं ठेवतो. आठवड्यातली तेवढीच दुपार माझी असते, आणि नेमकं तेव्हा कुणी कागद घेऊन समोर उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. इटलीतल्या या बारी शहरात माझी वीस वर्षं गेली. इथली भाषा मला बरी येते, म्हणून कुणाचा परवाना अडला, कुणाचा दाखला हरवला की चला ननुली मावशीकडे. जशी काही मी वकिलाच्या पोटची.

शोरेना आली तेव्हा मी मान वर न करता उद्या ये म्हणून सांगितलं. ती हलली नाही. बाजूच्या दोघी बोलायच्या थांबल्या म्हणून मी वर बघितलं, तर पोरीच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"मावशी, पुढच्या शुक्रवारी माझा व्हिसा संपतोय," ती म्हणाली. "वाढवून देत नाहीत. म्हणतात, मी तेकलेची आई नाही."

मी बियांची पिशवी बंद केली.

शोरेना आमच्या देशातल्या चिआतुरा गावची. तेकले अजून चालायलाही लागली नव्हती तेव्हा तिला आपल्या आईच्या मांडीवर टाकून ही इकडे कामाला आली. इथं एका म्हातारीचं सगळं अंथरुणात करायची, महिन्याला घरी कपड्यांचं, खाऊचं खोकं पाठवायची. आमच्यातल्या निम्म्या जणींची हीच कथा आहे, त्यात नवल काही नाही. पण तेकले सात वर्षांची झाली आणि तिला रक्ताचा आजार निघाला. शोरेना हातातलं काम टाकून घरी धावली. तिकडे दवाखान्यांचे उंबरे झिजवण्यात इतके महिने गेले की इथला कामाचा परवाना बुडाला. शेवटी तिकडच्याच एका डॉक्टरने हात जोडून सांगितलं, हिला बाहेर न्या. मग मायलेकी तात्पुरत्या व्हिसावर परत बारीत आल्या. तेकले पेशंट म्हणून आणि शोरेना पेशंटच्या सोबतचं माणूस म्हणून.

पेशंटचा व्हिसा डॉक्टरच्या सहीने वाढतो, त्याला अडचण नव्हती. सोबतच्या माणसाचं वेगळं असतं. ज्याच्यावाचून त्या लेकराचं चालणारच नाही, तोच राहू शकतो, आणि तसं हॉस्पिटलच्या समाजसेविकेने लिहून द्यावं लागतं. नाही दिलं तर शुक्रवारनंतर शोरेनाने चालू लागायचं. तेकले वॉर्डात राहणार, वॉर्डातून सुटली की चर्चच्या जोगिणींच्या बालगृहात, परत वॉर्डात. नाहीतर उपचार अर्धवट टाकून लेकीला सोबत न्यायची. अर्धवट टाकले तर पुन्हा सुरू करायला ती उरणार नाही, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलेलं. आजी यावी तर तिला जिना उतरवत नाही. आणि बापाचं, त्या गोचाचं, नावच काढायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी ज्यांना सांभाळते त्या व्हितो आजोबांना मी शेजारणीच्या गळ्यात घातलं आणि शोरेनाला घेऊन परदेशी लोकांच्या पोलीस कचेरीत गेले. खिडकीत एक तरुण पोरगा होता, चष्मा कपाळावर चढवलेला. मी जन्माचा दाखला त्याच्यासमोर आपटला. तो म्हणाला, दाखला मीही पाहिलाय, पण तुमच्याकडे दाखले बाजारात मिळतात. मग त्याने समाजसेविकेचा अहवाल वाचून दाखवला. मुलीची आई जॉर्जियात आहे, एकदाही भेटायला आलेली नाही, सदा दारू पिऊन पडलेली असते असं मुलगी स्वतः सांगते. सोबत असलेल्या बाईला मुलगी नावाने हाक मारते. नातं स्पष्ट होत नाही.

शोरेनाने खिडकीची कड घट्ट धरली. मला मात्र हसू फुटलं. म्हणजे इतकं मोठ्याने फुटलं की मागची अख्खी रांग वळून बघायला लागली.

आमच्या भाषेत बापाला मामा म्हणतात. आईला म्हणतात देदा. हे असं कुणी ठेवलं देव जाणे, पण आमचं लेकरू मामा मामा करत धावतं ते बापाकडे. आणि या इटलीवाल्यांची माम्मा म्हणजे आई. तेकले वॉर्डात नर्सबाईंकडून इथली चार शब्दांची भाषा शिकली होती, पाणी, दुखतं, नको, असली. शोरेना खाली कपडे धुवायला गेलेली असताना समाजसेविका आली, तिने विचारलं असणार, माम्मा कुठं आहे. आणि आमच्या शहाण्या तेकलेने ऐटीत बापाची सगळी कुंडली मांडली. मामा चिआतुराला. मामा येत नाही. मामा दारू पितो, झोपतो. त्यांच्या भाषेत पितो आणि पिते एकच. शब्द न शब्द खरा होता, नुसतं माणूस चुकलं होतं.

हे सगळं मी त्या चष्मेवाल्याला समजावलं. त्याने चष्मा नाकावर घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ज्यांनी लिहिलंय त्यांना सांगा, त्या बदलून देतील तर मी बदलेन.

लोरूसोबाई नावाची ती समाजसेविका, पन्नाशीची, पायात कापडी बूट, टेबलावर अर्धा खाल्लेला पाव. मी कंबर कसूनच गेले होते, पण बाई भली निघाली. मामाची गोष्ट ऐकून आधी तिचा आ वासला, मग ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग शोरेनाचा हात धरून माफी मागायला लागली. मला वाटलं, झालं काम. पण ती म्हणाली, नुसत्या तुमच्या सांगण्यावरून लिहिलेलं पुसता येणार नाही. मुलीला पुन्हा विचारावं लागेल, तिच्या भाषेत, तुम्ही दुभाषी म्हणून बसा. आईने खोलीत थांबलं तरी चालेल, पण मधे एक अक्षर बोलायचं नाही.

"आणि ते नावाने हाक मारण्याचं काय?" तिने विचारलं. "ते काही भाषेमुळे झालेलं नाही ना?"

मी म्हटलं, आमच्याकडे रीतच आहे तशी. खोटं नव्हतं ते. पण रीत कशी पडली ते सांगितलं नाही. आमच्या मुलांना जी बाई न्हाऊ घालते, भरवते, शाळेत सोडते ती देदा, मग ती आजी का असेना. आणि जी फोनवर दिसते ती शोरेना, ती लेला, ती इरमा. आजी फोनकडे बोट दाखवून म्हणते, बघ शोरेना आली, मग लेकरूही म्हणतं शोरेना. माझी दोन्ही मुलं मला अजून ननुली म्हणतात, आणि दोघांना मिशा आल्यात.

बाहेर आल्यावर मी शोरेनाला फैलावर घेतलं. सोमवारी विचारणार आहेत, दोन दिवस हातात आहेत, पोरीला पढव. देदा कोण म्हटलं की तुझ्याकडे बोट दाखवायला शिकव. खाऊ दे, बाहुली दे, काय वाटेल ते कर. सात वर्षांचं पोर आहे, पोपटासारखं बोलेल.

शोरेना नाही म्हणाली.

मला वाटलं माझ्या कानाचा दोष. ती हळू पण अडून बोलत राहिली. म्हणाली, मावशी, तिला उलट्या होतात तेव्हा भांडं मी धरते. तिचे केस गळाले ते मी उशीवरून वेचले, तिला दिसू नयेत म्हणून. सुई टोचताना ती माझंच बोट चावते, हे बघा. तिने बोट दाखवलं, त्यावर खरंच दातांचे वण होते. इथं मक्याचं पीठ शोधत सगळं गाव पालथं घातलं, कारण तिला घरच्यासारखी मक्याची भाकरी हवी असते. ती आपणहून सांगेल. मी पढवलं आणि तिने सांगितलं, तर मला कळणारच नाही कधी.

"कळून काय करायचंय तुला?" मी ओरडले. "तुला राहायचंय की मान हवाय?"

ती बस पकडायला गेली. मला तिचा असा संताप आला की दोन दिवस मी व्हितो आजोबांशीही धड बोलले नाही. लेकीचा जीव टांगणीला लागलाय आणि ही बया परीक्षा घ्यायला निघाली, तीही स्वतःची. रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि तिच्या नावाने चार शिव्याही घातल्या, दोन्ही एकाच दमात.

सोमवारी आम्ही वॉर्डात गेलो. तेकले पलंगावर मांडी घालून बसली होती. डोक्याला पिवळा रुमाल, मनगटात सुईची पट्टी, डोळे मात्र टपोरे आणि करडे, आमच्याकडच्या शाळामास्तरणीसारखे. लोरूसोबाई खुर्चीवर, मी पलंगाच्या कडेला. शोरेना खिडकीशी स्टुलावर बसली, हात मांडीखाली दाबून. ती एक अक्षर बोलणार नव्हती, पण तिला दोन्ही भाषा येत होत्या. मी काय ऐकते आणि काय सांगते, हे त्या खोलीत फक्त तिलाच कळणार होतं.

पहिला प्रश्न बापाचा. तुझा मामा कुठं असतो? तेकले म्हणाली, चिआतुराला. काय करतो? दारू पितो आणि झोपतो, आजीच्या कोंबड्यांना शिव्या देतो. मी जसंच्या तसं सांगितलं. लोरूसोबाईने मान डोलावली, मामा म्हणजे बाबा, असं स्वतःशी पुटपुटली आणि जुन्या कागदावर काट मारली. ती काट बघून माझ्या जिवात जीव आला.

मग तिने विचारलं, आणि तुझी देदा? तो शब्द तिने मुद्दाम आमचा वापरला, बिचारी घरून पाठ करून आली होती.

तेकले खुदकन हसली, परक्या बाईच्या तोंडी आपला शब्द ऐकून. "देदा घरी आहे," ती म्हणाली. "तिचे पाय सुजतात, म्हणून विमानात बसता येत नाही. ती रोज फोन करते. मी बरी झाले की ती माझ्यासाठी कोंबडी कापणार आहे."

मी खिडकीकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

"काय म्हणते?" लोरूसोबाईने विचारलं.

मी म्हटलं, ती म्हणते, आई इथंच आहे, रोज माझ्याजवळ असते. आजीचे पाय सुजतात म्हणून ती येऊ शकली नाही.

बाईने लिहून घेतलं. मग ती पुढे वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, हिला विचारा, या शोरेनाला परत जावं लागलं, तर काय होईल? हाच प्रश्न होता. आधीचं सगळं या एका प्रश्नासाठी होतं, ते मलाही माहीत होतं आणि शोरेनालाही. मी तो विचारला. मुद्दाम सावकाश विचारला, आवाजात जितकं रडू घालता येईल तितकं घालून, म्हणजे निदान त्या आवाजाने तरी लेकरू बिचकेल.

तेकलेने विचार केला. खरंच केला, ओठ मुडपून, छताकडे बघत.

"जाईल," ती म्हणाली. "शोरेना जातेच. मग तिचं खोकं येतं."

"आणि तू? तू रडशील ना?"

"नाही," ती मला समजावत म्हणाली. "रडायचे मी, लहान होते तेव्हा. आता मोठी झाले."

यात राग नव्हता, रुसवा नव्हता. शाळेत काय शिकवलं ते सांगावं तसं सांगितलं पोरीने. मला माझे दोघे आठवले, तिकडचे मिशावाले, आणि त्यांनीही कधीतरी कुणाला हेच सांगितलं असणार असं वाटून गेलं. पण रडत बसायची ती वेळ नव्हती. लोरूसोबाई माझ्या तोंडाकडे बघत होती, पेन उघडं धरून.

मी बोलायला लागले. एकदा लागले ती थांबलेच नाही. म्हटलं, ती म्हणते, आई गेली तर मी झोपणार नाही. मागे गेली होती तेव्हाही मी झोपत नव्हते, दाराशी बसायचे. ती म्हणते, सुई टोचताना मला आईचं बोट लागतं, दुसऱ्या कुणाचं चालत नाही. माम्मा गेली तर मी औषध घेणार नाही, माम्मालाच पाहिजे मला.

तिथंच मी चुकले. तोवर मी सांभाळून माद्रे म्हणत होते, त्यांचा आईसाठीचा दुसरा शब्द. माझ्या इटलीच्या भाषेतला तो एक शब्द तेकलेने पकडला. तिने आत्ता मला सांगितलेल्यात मामा कुठंच नव्हता, मग ही म्हातारी मामा मामा काय लावते आहे? तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिच्या आजीने तिला खोटं सहन करायला शिकवलेलं नव्हतं. ती गुडघ्यांवर उभी राहिली, लोरूसोबाईची बाही ओढली आणि वॉर्डात शिकलेल्या इटालियनमध्ये ठणकावून म्हणाली, "माम्मा इथं नाही. माम्मा नको. माम्मा चिआतुरा."

शोरेनाच्या स्टुलाचा पाय फरशीवर करकरला. मला वाटलं, संपलं, आता बाई पेन बंद करणार.

लोरूसोबाईने तेकलेच्या रुमालावरून हात फिरवला आणि हसली. "हो गं राणी, कळलं मला आता," ती म्हणाली. "ते तुझे बाबा. बाबा नकोत, बाबा चिआतुराला. पुन्हा नाही हं चुकणार मी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, किती हुशार आहे, मला चुकू देत नाही. आणि तिने खाली लिहिलं, मोठ्या अक्षरात, मला उलटंही वाचता येईल असं, की आईपासून दूर केल्यास मुलीच्या जिवाला धोका आहे.

तेकलेने आमच्या तिघींकडे आळीपाळीने बघितलं. मोठ्या माणसांना सांगून उपयोग नसतो, अशा चेहऱ्याने ती परत मांडी घालून बसली आणि शोरेनाकडे पाणी मागितलं. शोरेनाने उठून पेला दिला.

गुरुवारी चष्मेवाल्याने शिक्का मारला. उपचार संपेपर्यंत सोबतच्या माणसाला मुदतवाढ. तो म्हणाला, नशीबवान आहात, एक दिवस आधी झालं. मी त्याला चार शब्द सुनावणार होते, पण शोरेना पासपोर्ट उचलून चालायला लागली होती. सोमवारपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मी मनाची तयारी केली होती. आभार तर ती मानणार नाहीच, उलट मीच तिला म्हटलं होतं ना, कळून काय करायचंय, आता कळलं होतं तिला. तिने मला बोल लावले असते तरी मी गुमान ऐकून घेतले असते.

बस थांब्यावर आम्ही दोघीच होतो. मी उगाच काहीतरी बोलत होते, की आज बागेत सगळ्या वाट बघत असतील, की तू इथला तो फोकाच्या पाव तरी खा, सकाळपासून पोटात काही नाही. तिने माझी बाही धरली.

"मावशी," ती म्हणाली, "सोमवारी तुम्ही बाईंना काय सांगितलंत, तेकले काय म्हणाली म्हणून?"

मी म्हटलं, तू होतीस की तिथं. ऐकलंस ना सगळं.

"ते त्यांच्या भाषेत ऐकलं," ती म्हणाली. "आपल्या भाषेत सांगा."

माझ्या मनात आलं, पोरी, नको. पण तिचा चेहरा बघितला आणि नाही म्हणवेना. मग मी आपल्या भाषेत सांगितलं. तेकले म्हणाली, देदा गेली तर मी झोपणार नाही. देदा मागे गेली होती तेव्हा मी दाराशी बसायचे. सुई टोचताना मला देदाचंच बोट लागतं.

शोरेनाने डोळे मिटून ऐकलं. आमची बस आली, दार उघडून थांबली आणि निघून गेली. तिने माझी बाही सोडली नव्हती.

"आणखी काय म्हणाली?" तिने विचारलं.

मी आणखी सांगितलं.